आधी प्रश्नपत्रिका बदला : गणित अभ्यास मंडळांना अनावृत पत्र

राज्यातील विद्यापीठांच्या व स्वायत्त महाविद्यालयांच्या गणित अभ्यास मंडळांचे अध्यक्ष, सदस्य आणि पहिल्या वर्षाचे पेपर काढणारे प्राध्यापक यांस,



पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस पास होऊन पुढे गेलेला विद्यार्थी दिलेल्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह बिनचूक काढतो. पण त्या उत्तराचा अर्थ काय, त्याचे एकक काय, ते ऋण आले तर प्रत्यक्षात काय घडत असेल, असे विचारले की तो गप्प होतो. पुढच्या वर्षी त्याला फ्लुइड मेकॅनिक्स किंवा सर्किट थिअरी शिकवणारे प्राध्यापक याबद्दल कुरकुर करतात, आणि गणिताच्या विभागातही ही तक्रार नवी नाही. दोष कुणाचा हे सांगताना मात्र ठरलेलीच कारणे पुढे येतात: मुलांचा पाया कच्चा, बारावीला नुसती घोकंपट्टी, क्लासवाल्यांनी लावलेली सवय. यातले काहीच खोटे नाही. तरीही हे पत्र मी आपल्यालाच लिहितो आहे, कारण या दुखण्याचे मूळ मला आपल्या प्रश्नपत्रिकेत दिसते. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर उद्दिष्टे कितीही चांगली लिहिलेली असोत, मुले जुने पेपर पाहून अभ्यास करतात आणि शिक्षक जुने पेपर पाहून शिकवतात. त्यांना दोष देता येत नाही. परीक्षा त्यांच्यासमोर आहे आणि वेळ थोडा आहे. पेपरात जे कधीच येत नाही ते वर्गात फार दिवस टिकत नाही, मग ते विषयाचा गाभा का असेना.

अभियांत्रिकीचा एम-१ घ्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरचा पेपर घ्या, चित्र फारसे वेगळे दिसत नाही. लाग्रांजच्या मध्यममूल्य प्रमेयावर प्रश्न येतो तो असा: एक त्रिघाती बहुपदी दिलेली असते, शून्य ते अर्धा असा अंतराल दिलेला असतो, आणि प्रमेय पडताळून पाहा म्हटलेले असते. विद्यार्थी डेरिव्हेटिव्ह काढतो, वर्गसमीकरण सोडवतो, दोन उत्तरांपैकी अंतरालात बसणारे ठेवतो आणि पूर्ण गुण घेतो. या सगळ्यात त्याने वापरले ते वर्गसमीकरणाचे सूत्र, आणि ते त्याला दहावीपासून येते. प्रमेय काय सांगते याचा त्याला एकदाही विचार करावा लागला नाही. महामार्गावर दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि लागलेला वेळ एवढ्यावरून गाडीची सरासरी ताशी १२० आली, तर वाटेत कुठल्या तरी क्षणी काटा नेमका १२० वर होता असे ठामपणे म्हणता येते. ते म्हणण्याचा अधिकार हे प्रमेय देते. हा प्रश्न पेपरात का येऊ नये? टेलर मालिकेचेही तेच. अमुक फंक्शनचा एक्सच्या चौथ्या घातापर्यंत विस्तार करा, असे वर्षानुवर्षे विचारले जाते. पण चौथ्या घातावर थांबल्यामुळे चूक किती झाली, आणि एक्सची किंमत कुठवर गेली तरी ही पदे भरवशाची राहतात, हे विचारलेले मला क्वचित दिसते. मालिका वापरणाऱ्याला तर नेमके हेच जाणून घ्यायचे असते.

आपल्याकडे येणारा विद्यार्थी कुठून येतो हेही पाहायला हवे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. इतक्या वेळात अर्थाचा विचार करणारा मागे पडतो; साचा ओळखून सूत्र टाकणारा पुढे जातो. दोन वर्षे हीच तालीम झालेली असते. प्रवेश परीक्षेची रचना आपल्या हातात नाही, हे मान्य. पण मग महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे काम ही सवय मोडण्याचे असायला हवे, आणि आपला पेपर ती सवय आणखी पक्की करतो. बारावीत टॅन एक्सच्या वर्गमुळाचे इंटिग्रेशन करून आलेल्या मुलाला आपण रिडक्शन फॉर्म्युले, बीटा-गॅमा फंक्शन्स आणि जेकोबियन देतो, पण ‘किती वेगाने’ आणि ‘एकूण किती’ हे विषयाचे मूळ प्रश्न त्याने नीट समजून घेतलेत की नाही हे तपासत नाही. मजले वाढतात आणि प्रत्येक नवा मजला पाठांतरावरच उभा राहतो.

मला म्हणायचे आहे ते एका उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात महाराष्ट्रातले कुठलेही वर्तमानपत्र उघडले की धरणांचे आकडे दिसतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, आजचा साठा इतका, आवक इतके हजार क्युसेक, विसर्ग इतके हजार. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगली-कोल्हापूरकरांनी हे आकडे जीव मुठीत धरून वाचले. साठा हे एक फंक्शन आहे, आणि आवक वजा विसर्ग हा त्याचा डेरिव्हेटिव्ह. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तेव्हा साधारण ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी पाणी जमते. आता एक काल्पनिक धरण घेऊ. सकाळी सहाला आवक २० हजार क्युसेक, दुपारी बाराला ३५ हजार, संध्याकाळी सहाला ५० हजार, मध्यरात्री ४० हजार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला २५ हजार. विसर्ग दिवसभर ३० हजारांवर कायम आहे, आणि दोन नोंदींच्या मध्ये आवक सरळ रेषेत बदलते असे धरू. सकाळी साठा ८० टीएमसी होता. साठा सर्वांत कमी केव्हा होता, सर्वांत जास्त केव्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो किती असेल?

आवक संध्याकाळी सहाला सर्वाधिक आहे म्हणून साठाही तेव्हाच सर्वाधिक असेल, असे उत्तर पटकन सुचते. ते चुकीचे आहे. सहा वाजता साठा सर्वांत वेगाने वाढतो आहे, एवढेच त्या आकड्यावरून कळते. आवक घटू लागली तरी ती विसर्गापेक्षा जास्त आहे तोवर पाणी चढतच राहते, आणि दोन्ही समान होतात पहाटे चारला. साठा तेव्हा सर्वांत जास्त असतो. सकाळी दहाला तो सर्वांत कमी होता, कारण तोवर विसर्ग जास्त होता. चोवीस तासांची बेरीज समलंबांच्या नियमाने केली तर निव्वळ भर सुमारे ०.६ टीएमसी पडते. म्हणजे दुसऱ्या सकाळी साठा ८०.६ टीएमसीच्या आसपास. यात मॅक्झिमा-मिनिमा आहे, इन्फ्लेक्शन पॉइंट आहे, डेफिनिट इंटिग्रल आहे आणि कॅल्क्युलसचे मूलभूत प्रमेयही आहे. सूत्र असे एकही नाही. हा प्रश्न दहा गुणांना विचारा. टॅन एक्सच्या वर्गमुळाचे इंटिग्रेशन करणाऱ्या वर्गातल्या किती जणांना तो सुटतो ते आपण स्वतः पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नदीकाठच्या गावांना कधी हलवायचे हे ठरवणारा अभियंता आपल्याच वर्गांतून बाहेर पडणार आहे.

अर्थाच्या प्रश्नापुढे अडखळणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. जॉन सेल्डन, ॲनी सेल्डन आणि ॲलिस मेसन यांनी अमेरिकेत १९८९ साली मध्यम गुणांनी कॅल्क्युलस पास झालेल्या विद्यार्थ्यांना साच्याबाहेरचे पाच प्रश्न दिले. त्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्या अभ्यासक्रमातलेच होते, तरी एकालाही एकही प्रश्न पूर्ण बरोबर सोडवता आला नाही. पुढे १९९४ साली त्यांनी उत्तम गुण मिळवलेल्यांवर तोच प्रयोग केला, आणि त्यातलेही बहुसंख्य अडखळले. विद्यार्थ्यांजवळ साधने होती. ती केव्हा काढायची हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. शिवाय ज्या कौशल्याला आपण जवळजवळ सगळे गुण देतो त्याची किंमत काय, हाही प्रश्न आता टाळता येणार नाही. १९६१ साली एमआयटीत जेम्स स्लेगल यांनी इंटिग्रेशन करणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने ८६ पैकी ८४ गणिते सोडवली, आणि त्यातली बरीच गणिते तिथल्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांमधूनच घेतलेली होती. साठ वर्षांपूर्वी यंत्राने जे केले ते आज मुलाच्या खिशातल्या फोनवर फुकट होते. पण वरच्या धरणाच्या प्रश्नात आपल्याला नेमके काय हवे आहे, कशाचे इंटिग्रेशन करायचे आणि आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे समजणारे माणूस अजून लागते.

यावर आपले आक्षेप काय असतील याची मला कल्पना आहे, आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप पायाचा. ज्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज धड येत नाही, त्यांना अर्थ कसला विचारता, असे म्हटले जाईल. बीजगणिताची ही दुरवस्था खरी आहे. पण धरणाच्या प्रश्नाला बीजगणित जवळजवळ लागतच नाही. ज्याचे बीजगणित कच्चे आहे त्याला निदान कॅल्क्युलसची कल्पना तरी अशा प्रश्नांतून गवसू शकते. आजच्या पेपरात त्याला दोन्हींपैकी काहीच मिळत नाही, आणि एटीकेटी घेऊन तो हाच विषय पुन्हा पाठ करतो. पायासाठी सत्राच्या सुरुवातीचे दोन आठवडे वेगळे द्यावेत, हे मला मान्य आहे. पाया भरेपर्यंत इमारतीचा नकाशासुद्धा दाखवायचा नाही, हे मान्य नाही.

दुसरा आक्षेप सरावाचा, आणि तो गणितज्ञांनीच घेतलेला आहे. अमेरिकेत १९८६ पासून कॅल्क्युलसच्या सुधारणेची मोठी चळवळ झाली. आलेख, आकडे आणि सूत्रे या तिन्ही बाजूंनी कल्पना शिकवायच्या, असा हार्वर्डच्या पुढाकाराने तयार झालेल्या पाठ्यपुस्तकाचा आग्रह होता. त्यावर कडक टीका झाली: सिद्धता गेल्या, हाताचा सराव गेला, मुलांना पुढच्या विषयांत साधे इंटिग्रेशन जमेना. ही टीका मी हलक्यात घेत नाही. चेन रूल किंवा इंटिग्रेशन बाय पार्ट्स हातात बसलेले नसेल तर डिफरन्शियल इक्वेशनचा तास वाया जातो. म्हणूनच माझी मागणी पूर्ण पेपर बदलण्याची नाही. शंभरातले तीस गुण अर्थाच्या प्रश्नांना द्या: तक्ता किंवा आलेख देऊन विचारलेले, एकक आणि एका वाक्याचे कारण मागणारे. उरलेले सत्तर रीतींना ठेवा, पण त्यातले नुसते किचकट प्रकार कमी करा. तीस गुण अनिवार्य हवेत. अंतर्गत पर्याय दिला तर मुले हा भाग ‘ऑप्शनला’ टाकतील आणि सगळे मुसळ केरात जाईल.

तिसरा आक्षेप तपासणीचा, आणि व्यवहारात हाच सर्वांत मोठा ठरेल. केंद्रीय मूल्यांकन केंद्रावर दिवसाला गठ्ठेच्या गठ्ठे तपासायचे असतात. मॉडेल ॲन्सर ठरलेले, पायरीनिहाय गुण ठरलेले, आणि वर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांची टांगती तलवार. अर्थाच्या प्रश्नाला दहा परीक्षक दहा तऱ्हेने गुण देतील, ही भीती रास्त आहे. पण प्रश्न मोकळा सोडायचाच नाही. वरच्याच उदाहरणात ‘पहाटे चार’ला दोन गुण, ‘आवक आणि विसर्ग तेव्हा समान’ या कारणाला दोन, सकाळी दहाला दोन, बेरजेच्या मांडणीला तीन, आणि टीएमसीत उत्तराला एक. यात परीक्षकाला तारतम्य वापरायला फारशी जागा राहत नाही, आणि तपासायला लाग्रांजच्या पडताळणीपेक्षा कमीच वेळ लागेल. अडचण आहे ती असे प्रश्न तयार करण्याची. जुना पेपर घेऊन आकडे बदलण्यापेक्षा ते कितीतरी कष्टाचे काम आहे, आणि पेपर काढण्याचे मानधन पाहता ते कुणा एका प्राध्यापकावर लादणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रश्नपेढी मंडळाने सामुदायिकरीत्या तयार करावी, आणि फ्लुइड मेकॅनिक्स, अर्थशास्त्र, जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना त्यात बसवावे. रोगाच्या साथीची वाढ, कर्जाची परतफेड, बॅटरीचे डिस्चार्ज होणे, अशा प्रश्नांना त्यांच्याकडे तोटा नाही.

बी.एस्सी.च्या मंडळांना वेगळे काही सांगायचे आहे, कारण तिथे आक्षेप उलट बाजूने येईल: आम्हाला सिद्धता शिकवायच्या आहेत, धरणे नकोत. काटेकोरपणाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तो केव्हा आला हे पाहा. लाइबनित्सने कॅल्क्युलसवरचा आपला पहिला लेख छापला १६८४ मध्ये. लिमिटच्या पायावर विषयाची पद्धतशीर मांडणी करणारे कोशीचे पुस्तक आले १८२१ मध्ये. मधली सव्वाशेहून जास्त वर्षे मोठमोठ्या गणितज्ञांनी विषय वापरला, अडचणीत आले, विसंगती सापडल्या, आणि तेव्हा कुठे एप्सिलॉन-डेल्टाची गरज निर्माण झाली. आपण पहिल्याच महिन्यात व्याख्या देतो आणि परीक्षेत ती पाठ म्हणून घेतो. तिची गरज का पडली हे विद्यार्थ्याला कळतच नाही. व्याख्या ठेवावी, पण प्रश्न असा करावा: उत्तरात इतकीच चूक चालणार आहे, तर मोजमापात किती चूक खपेल? चाकणच्या कारखान्यातला पिस्टनचा व्यास मायक्रॉनच्या मर्यादेत ठेवणारा तंत्रज्ञ हेच रोज विचारतो, आणि एप्सिलॉन दिल्यावर डेल्टा शोधणे म्हणजे तेच.

अर्थ आधी आणि यंत्रणा नंतर, हा क्रम आपल्या मातीतही जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक ही दिवसाची सरासरी गती. पण चंद्राची गती दिवसभरात बरीच बदलते, तेव्हा तो एखाद्या ठिकाणी नेमका कधी असेल हे काढायचे तर त्या क्षणाची गती हवी. त्यासाठी ज्येतला (म्हणजे साइनमधला) बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात होतो हे त्यांनी वापरले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. भास्कराचार्यांनी कॅल्क्युलस शोधला असा दावा मी करत नाही; लिमिटची सर्वसाधारण कल्पना तिथे नाही. पण ‘या क्षणी किती वेगाने’ हा प्रश्न तिथे स्वच्छ विचारलेला आहे, आणि आपल्या पेपरात तो मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी दोन विनंत्या थोडक्यात. ट्युटोरियल कागदावर असते. प्रत्यक्षात पूर्ण वर्ग एकत्र बसवून फळ्यावरची गणिते उतरवून घेतली जातात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांत नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांची नापास होण्याची शक्यता, वर्गात स्वतः काम करणाऱ्यांच्या तुलनेत, त्यात दीडपट आढळली. विसांची तुकडी आणि मुलांच्या हातात पेन्सिल एवढी किमान अट मंडळाने घालावी. दुसरी विनंती, कारण लिहिताना विद्यार्थ्याला मराठी किंवा इंग्रजी, जे जमेल त्या भाषेत लिहू द्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला आवक आणि विसर्ग बरोबर कळलेले असते; इंग्रजी वाक्य बसले नाही म्हणून तिचे दोन गुण जाऊ नयेत.

पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी मंडळाने तीस गुणांचा असा एक नमुना विभाग, गुणदानाच्या तक्त्यासह, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावा. पहिल्या वर्षी तो फक्त सत्रांतर्गत परीक्षेत घ्यावा आणि मुले कुठे अडली याची नोंद महाविद्यालयांकडून मागवावी. दुसऱ्या वर्षी ती नोंद समोर ठेवून मुख्य पेपरात आणावा. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, नवी पदे लागत नाहीत, शासनाची मंजुरीही लागत नाही. मंडळाच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
पहिल्या वर्षाला गणित शिकवणारा एक प्राध्यापक